मांजरीसाठी पिसवांची कॉलर: कोणती घ्यावी आणि कोणती घरातही आणू नये?

पागोळी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आमची चिंगी चार वर्षांची आहे, वजन साडेतीन किलो. रोज थोडा वेळ बाहेर फिरून येते. गेले पंधरा दिवस सारखी मान खाजवतेय. शेपटीच्या मुळाशी तर चाटून चाटून केस विरळ केलेत. काल मांडीवर घेऊन केस उलटे सारले, तर कातडीवर काळे बारीक कण दिसले. धूळ असेल म्हणून ओल्या कापसाने टिपले आणि कापसावर तांबूस डाग पसरला. तेव्हापासून चैन नाही.

गळ्यात घालायची पिसवांची कॉलर घ्यावी म्हणून शोधायला बसले. एक आठ महिने चालते, दुसरी 'संपूर्ण नैसर्गिक' आहे, तिसरी कुत्रा-मांजर दोघांनाही चालते, चौथी आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाने पिसवा पळवते. प्रत्येकीखाली कुणी 'उत्तम' लिहिलंय, कुणी 'माझं मांजर आजारी पडलं' असंही लिहिलंय. यातलं काय धरायचं?

दोन गोष्टी आधीच सांगते. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि चिंगी रात्री तिच्या पायथ्याशी झोपते. शिवाय घरात माशांची टाकी आहे. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

काजवा | सोमवार, रात्री १०.०५

तो तांबूस डाग म्हणजे पिसवांची विष्ठा, म्हणजेच चिंगीचं पचलेलं रक्त. नुसती माती असती तर डाग करडाच राहिला असता. पिसवा आहेत हे पक्कं समजा.

कॉलरचं ठरेपर्यंत बारीक दातांची फणी आणा, उवांसाठी असते तशी. रोज मान आणि शेपटीचं मूळ विंचरा. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा आणि फणीत आलेली पिसू लगेच त्यात बुडवा. चिमटीत धरून चिरडायला जाऊ नका, हमखास निसटते.

उंबरठा | सोमवार, रात्री ११.३०

पागोळीताई, कोणती घ्यावी ते इतर सांगतील. कोणती घेऊ नये ते मी सांगतो, कारण आमच्या बोक्याने ते भोगलंय.

आमच्याकडे कुत्राही आहे. त्याच्या गोचिडांसाठी आणलेल्या, मानेवर टाकायच्या औषधाची एक नळी उरली होती. भुऱ्याला पिसवा झाल्या तेव्हा मी हिशेब केला: कुत्रा वीस किलोचा, बोका पाच किलोचा, तर चौथा हिस्सा टाकला की झालं. संध्याकाळी सातला टाकलं. अकराच्या सुमारास त्याचे कान फडफडायला लागले, मग चेहरा, मग सगळं अंग. तोंडातून लाळ गळत होती. उभा राहायला गेला की मागचे पाय लटपटत होते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत झटके सुरू झाले होते आणि अंग तापलं होतं. तीन दिवस त्याला तिथेच ठेवावं लागलं. वाचला.

त्या नळीत परमेथ्रिन होतं. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. कुत्र्याचं किंवा माणसाचं यकृत हे रसायन मोडून अंगाबाहेर टाकू शकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरं फारच तोकडी असतात, त्यामुळे विष अंगात साचत जातं आणि मज्जासंस्थेवर हल्ला करतं. म्हणजे प्रश्न वजनाचा नव्हताच. कुत्र्याच्या औषधाचा छोटा डोस म्हणजे मांजराचं औषध, हा माझा समज मुळातच चुकीचा होता.

कॉलरलाही हेच लागू आहे. कुत्र्यांच्या काही कॉलरमध्ये परमेथ्रिन असतं, काहींत डेल्टामेथ्रिन, काहींत अमिट्राझ. तिन्ही मांजरासाठी घातक. 'छोट्या कुत्र्यांसाठी' लिहिलेली कॉलर मापाला बसते म्हणून मांजराला घालू नका. आणि ज्यांच्या घरी दोन्ही प्राणी आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवा, की कुत्र्यावर परमेथ्रिन टाकलं आणि मांजर त्याला बिलगून झोपलं किंवा चाटलं, तरी तेवढंही पुरतं. आम्ही आता कुत्र्यासाठीसुद्धा परमेथ्रिन नसलेलंच औषध आणतो.

पागोळी | मंगळवार, सकाळी ७.१५

वाचून अंगावर काटा आला. भुऱ्या आता कसा आहे?

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७.५०

ठणठणीत आहे. सहा वर्षं झाली त्या गोष्टीला.

दुर्वा | मंगळवार, दुपारी २.२०

मी प्राण्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस आहे. डॉक्टर नाही, तेव्हा चिंगीला काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. पण पाकीट कसं वाचायचं ते सांगू शकते.

पुढची बाजू बघूच नका. मांजराचा फोटो, पानं-फुलं, 'आठ महिने संरक्षण', सगळं तिकडे असतं. पाकीट उलटं करा आणि औषधी घटकाचं नाव व त्याचं टक्क्यांतलं प्रमाण शोधा. ते लिहिलेलंच नसेल तर ती कॉलर घेऊ नका. त्यानंतर 'मांजरांसाठी' असं स्पष्ट लिहिलंय का आणि किती वयापासून, ते बघा.

इमिडाक्लोप्रिड १० टक्के आणि फ्लुमेथ्रिन ४.५ टक्के ही सध्याची सर्वांत माहितीतली जोडी. सेरेस्टो नावाने मिळते ती हीच. इमिडाक्लोप्रिड पिसवांच्या मज्जातंतूंना जितकं घट्ट चिकटतं तितकं सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंना चिकटत नाही, त्यामुळे पिसू मरते आणि मांजर सुरक्षित राहतं. फ्लुमेथ्रिन गोचिडांसाठी असतं. आता उंबरठा यांचा अनुभव वाचलेल्या कुणालाही प्रश्न पडेल की फ्लुमेथ्रिन परमेथ्रिनच्याच कुळातलं नाही का? आहे, दोन्ही पायरेथ्रॉइड. पण या कॉलरमधून ते अगदी थोडं थोडं, महिनोन् महिने झिरपतं, आणि मांजरांवर तपासूनच त्याला परवानगी मिळाली आहे. मात्र ही परवानगी त्या एका घटकाला, त्या प्रमाणात, त्या कॉलरपुरती आहे. त्यावरून कुळातल्या बाकीच्यांवर विश्वास टाकू नका.

ही कॉलर १० आठवड्यांखालच्या पिल्लांना घालत नाहीत. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मांजरीलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. औषध कातडीवरच्या तेलकट थरातून हळूहळू सगळ्या अंगावर पसरतं आणि पिसू नुसत्या स्पर्शाने मरते, तिला चावावं लागत नाही. अंगावर आधीपासून असलेल्या पिसवा मरायला साधारण एक दिवस जातो. पिसवांवरचा परिणाम सात ते आठ महिने टिकतो. वारंवार अंघोळ घातली तर ही मुदत कमी होते.

दुसरा गट जुन्या धाटणीच्या कॉलरचा: टेट्राक्लोरव्हिनफॉस, डायझिनॉन, प्रोपॉक्सर. मज्जातंतूंचं काम सुरळीत चालवणारं एक विकर असतं, ते ही रसायनं बंद पाडतात. आणि ते विकर पिसवांत असतं तसंच मांजरात असतं, आपल्यात असतं, मुलांतही असतं. कॉलरवरची भुकटी केसांवर उतरते, मूल मांजराला कुरवाळतं, तोच हात तोंडात जातो. लहान मुलांच्या याच धोक्यावरून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ साली उत्पादकांशी करार करून प्रोपॉक्सरच्या कॉलर बंद करायला लावल्या. तुमच्या घरी मुलगी आहे म्हणून हे मुद्दाम लांबवून लिहिलं. माझं मत विचाराल तर या तिन्ही नावांपैकी एकही दिसलं तर पाकीट खाली ठेवावं.

एस-मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन अंडी आणि अळ्यांची वाढ थांबवतात. ते मांजरांना चालतात, पण मोठ्या पिसवांना मारत नाहीत. त्यामुळे त्यांच्या जोडीला दुसरं काय घातलंय ते वाचल्याशिवाय 'हे सुरक्षित आहे' म्हणू नका. बऱ्याचदा जोडीला टेट्राक्लोरव्हिनफॉसच असतं.

आवाजाच्या कॉलरने पिसवा जात नाहीत, पैसे मात्र जातात. तपासण्यांत तिचा काही उपयोग दिसलेला नाही.

आणि नकली माल. चांगल्या कॉलरची हुबेहूब नक्कल विकली जाते. किंमत संशय यावा इतकी कमी असेल, पाकिटावर बॅच क्रमांक किंवा वापराची शेवटची तारीख नसेल, छपाईत चुका असतील, उघडल्यावर रसायनाचा उग्र वास येत असेल, तर गळ्यात घालू नका. शक्य असेल तर दवाखान्यातूनच घ्या.

ओंजळ | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

दुर्वाताई, फार उपयोगी माहिती. पण मग रसायनाच्या भानगडीत पडायचंच कशाला? वनस्पतींच्या तेलांच्या कॉलर असतात ना? निदान अपाय तरी होणार नाही.

दुर्वा | मंगळवार, संध्याकाळी ७.००

ओंजळ, अपाय होतो, आणि तो पुन्हा मांजरालाच जास्त होतो. भुऱ्याच्या यकृताला जे जमलं नाही तेच इथेही जमत नाही. टी ट्री, पेनीरॉयल, लवंग, पेपरमिंट आणि लिंबूवर्गीय सालींची तेलं मोडून बाहेर टाकणं मांजराच्या यकृताला जड जातं. टी ट्री तेलाने लाळ गळणं, चाल अडखळणं, अंग थरथरणं हे आम्ही दवाखान्यात पाहिलंय. आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे कातडीवर जे लागतं ते पोटातही जातं. एवढं करून त्या वासाने पिसवा फार तर काही काळ दूर राहतात, मरत नाहीत.

वनस्पतीपासून काढलंय म्हणून कमी तपासून चालेल, हे मला पटत नाही. त्याच्याही घटकांची नावं आणि प्रमाण विचारायलाच हवं.

सावली | मंगळवार, रात्री ८.४५

मध्येच विचारते, माफ करा. आडोशाला सापडलेली तीन पिल्लं घरी आणली आहेत. महिन्याभराचीही नसतील. अंगावर पिसवा नुसत्या धावताहेत. त्यांना कुठली कॉलर चालेल?

दुर्वा | मंगळवार, रात्री ८.५२

कुठलीही नाही. पिल्लांचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी आहेत की पांढुरक्या?

सावली | मंगळवार, रात्री ९.०४

दोघांच्या गुलाबी आहेत. सगळ्यात लहानाच्या जवळजवळ पांढऱ्या. ते सारखं झोपूनच आहे.

दुर्वा | मंगळवार, रात्री ९.०६

त्याला आत्ताच डॉक्टरांकडे न्या, सकाळची वाट बघू नका. एवढ्याशा जीवाचं रक्त पिसवा पिऊन संपवतात, त्यातूनच पिल्लं दगावतात. नेताना अंग उबदार ठेवा, कापडात गुंडाळा, बाटलीत कोमट पाणी भरून शेजारी ठेवा. बाकीच्या दोघांना फणीने विंचरत राहा. इतक्या लहान वयात कोणतं औषध चालेल ते वजन करून डॉक्टरच सांगतील.

रानवाट | बुधवार, सकाळी १०.३०

घटकांबद्दल सगळं आलं. मला कॉलर बसते कशी त्यावर लिहायचंय, कारण आमच्या मांजरीला जखम झाली ती औषधाने नाही, सैल कॉलरने.

घट्ट बांधली तर गळा आवळेल या भीतीने मी ढिली ठेवली होती. मान खाजवताना तिचा पुढचा पाय कॉलरमधून आत गेला आणि कॉलर काखेत अडकली. ती रात्रभर घरी आली नाही. सकाळी लंगडत आली तेव्हा काखेतली कातडी चिरली होती. काखेतली जखम भरायला फार वेळ घेते, कारण प्रत्येक पावलाला ती ओढली जाते. आमचे दोन महिने गेले.

त्यामुळे: मान आणि कॉलर यांच्यात दोन बोटं सपाट सरकतील एवढीच जागा. जास्त नाही, कमी नाही. उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर मांजर ते चावत बसतं. पहिल्या आठवड्यात रोज बोटं घालून बघा, नंतर आठवड्याने एकदा. वाढत्या वयाच्या मांजराचं तर विसरू नकाच. आणि कॉलर कुठे अडकली तर ताण येऊन आपोआप सुटणारी हवी. विकत घेतल्यावर हाताने जोर लावून एकदा खात्री करा. बाहेर फिरणाऱ्या मांजरासाठी हे घटकांइतकंच महत्त्वाचं आहे.

कॉलरखालची कातडीही बघत जा. पहिले काही दिवस थोडी खाज किंवा किंचित लाली येऊ शकते. पण केस गळून लालभडक चट्टा उठला, मांजर सुस्त झालं, उलट्या झाल्या किंवा थरथर दिसली तर कॉलर काढा, सौम्य साबणाने कोमट पाण्यात अंग धुवा, नीट पुसून उबेत ठेवा आणि पाकीट बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःहून उलटी करवू नका.

मृद्गंध | बुधवार, दुपारी १.१५

इथे सगळे कॉलर गृहीत धरूनच बोलताहेत, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. आम्ही कॉलर सोडून थेंबांवर आलो. सेलामेक्टिन महिन्यातून एकदा मानेच्या मागे टाकायचं, फ्लुरालेनर टाकलं तर एकदाच बारा आठवड्यांसाठी. गळ्यात काही अडकायला नाही, मुलांच्या हाताला सतत काही लागायला नाही.

शिवाय सेरेस्टोबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता. प्राणी आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या हजारो तक्रारी पुढे आल्या होत्या. २०२२ मध्ये तिथल्या संसदेच्या एका उपसमितीने ती मागे घ्यावी असंही म्हटलं. हे पागोळी यांना माहीत असायला हवं.

दुर्वा | बुधवार, दुपारी ३.४०

मृद्गंध, हे लिहिलंत ते बरं केलंत. त्याचा पुढचा भागही सांगते. पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या तक्रारी तपासल्या आणि जुलै २०२३ मध्ये विक्री चालू ठेवायला परवानगी दिली. पण पाच वर्षांची मर्यादा घातली, पाकिटावर जास्त सूचना छापायला लावल्या, तक्रारींची अधिक तपशिलात नोंद मागितली आणि कॉलर अडकल्यावर सुटण्याच्या व्यवस्थेचाही विचार करायला सांगितलं. म्हणजे डोळे झाकून घालावी अशीही नाही आणि विष म्हणून फेकून द्यावी अशीही नाही. रानवाट यांनी लिहिलेली दोन बोटं आणि सुटणारा जोड, यांचं महत्त्व त्या चौकशीतही दिसतं.

थेंबांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. मुलं मांजराला बिलगून असतात अशा घरात डॉक्टर बहुतेक वेळा तेच सुचवतात. कॉलरची जमेची बाजू एवढीच, की त्रास झाला तर ती काढता येते. थेंब एकदा कातडीत मुरले की परत काढता येत नाहीत. फ्लुरालेनरच्या गटातल्या औषधांनी काही प्राण्यांत झटके आल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता, तेव्हा मांजराला पूर्वी कधी झटके आले असतील तर आधी सांगा. आणि कॉलर नि थेंब दोन्ही एकदम, असं डॉक्टरांना न विचारता कधीच करू नका.

पागोळी | शनिवार, रात्री ९.२०

काल चिंगीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले. गेल्या वर्षी जंताचे थेंब मानेवर टाकले होते तेव्हा चिंगीच्या त्या जागेचे केस गळून जखम झाली होती. ते आठवून त्यांनी इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनची कॉलर सुचवली. दवाखान्यातूनच घेतली. त्यांनीच घालून दिली, टोक कापलं, दोन बोटं घालून दाखवली.

मुलीचं विचारलं. पाकिटातल्या सूचनापत्रातच लिहिलंय की कॉलर घातलेल्या प्राण्याने माणसांबरोबर, विशेषतः मुलांबरोबर, एका अंथरुणात झोपू नये. मुलगी आधी रडली. मग तिनेच तिची जुनी शाल टोपलीत घालून खिडकीखाली चिंगीची जागा केली. कॉलरला हात लावायचा नाही, लागला तर धुवायचा, हे तिला पाठ झालंय. टाकीवर पक्कं झाकण बसवलं, कारण ही दोन्ही औषधं पाण्यातल्या जीवांना घातक आहेत आणि चिंगीला टाकीत पंजा घालायची सवय आहे.

सावली, पिल्लू कसं आहे?

सावली | शनिवार, रात्री १०.००

त्याला रक्त द्यावं लागलं. काल पहिल्यांदा स्वतःहून दूध मागितलं. दुर्वाताई, तुम्ही त्या रात्री होतात म्हणून.

पागोळी | तीन आठवड्यांनंतर, सोमवार

चिंगीची खाज कमी झाली आहे. पण काल फणीत पुन्हा दोन पिसवा आल्या. जिवंत. कॉलर नकली निघाली का? बदलू का?

काजवा | सोमवार, दुपारी

बदलू नका. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्याचा जेमतेम वीसावा भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते आणि ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, चिंगी जिथे बसेल तिथे गळून पडतात. कोशातली पिसू तर महिनोन् महिने थांबून राहते आणि पावलांचा हादरा, ऊब, श्वास जाणवला की बाहेर येते. कोशावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. तुम्हाला दिसल्या त्या बहुधा नुकत्या कोशातून निघालेल्या नव्या पिसवा. कॉलर त्यांनाही मारेल.

आता घराकडे वळा. चिंगीची टोपली, शाल, मुलीची चादर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, ६० अंश चालत असेल तर उत्तम. व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याच्या खाचांत आणि पलंगाखाली रोज फिरवा. त्या हादऱ्यानेही कोश फुटतात, ते आपल्याला हवंच आहे. पिशवी लगेच बाहेर टाका. घरात दुसरा केसाळ प्राणी असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करा. साधारण तीन महिने धीर धरा.

दुर्वा | सोमवार, रात्री

काजवा यांच्याशी सहमत. एक भर घालते: चिंगीच्या शेपटीखाली किंवा टोपलीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात का बघा. पिसू चाटताना पोटात गेली की तिच्यातून पट्टकृमी होतो. दिसले तर जंताचं औषध वेगळं लागेल, कॉलरने तो जात नाही.

पागोळी | अकरा आठवड्यांनंतर, रविवार

तुकडे दिसले होते. जंताची गोळी दिली, बंद झाले. रोज व्हॅक्यूम फिरवला, शाल इतक्या वेळा धुतली की तिचा रंग उतरला. गेले चार आठवडे फणीत फक्त केस येताहेत. ओल्या कागदावर एकही तांबूस ठिपका नाही. शेपटीच्या मुळाशी मऊ लव उगवली आहे. कॉलर घातल्याची तारीख दिनदर्शिकेवर आणि चिंगीच्या फाईलवर लिहून ठेवली आहे, सातव्या महिन्यात डॉक्टरांना पुन्हा भेटायचं ठरलंय. जुनी काढली की पाण्यात किंवा उघड्यावर न टाकता गुंडाळून कचऱ्यात टाकायची, हेही त्यांनी सांगितलं.

चिंगी अजून खिडकीखालीच झोपते. मुलीने आपली उशी पलंगाच्या त्या टोकाला हलवली आहे, म्हणजे झोपताना ती दिसते.